‘संचलित’ची पाटी गेली, ‘सौजन्याने’ आली. आता अभ्यासिकेबद्दल विचारायचं कुणाला?

नाशिकरोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकरोडची, जन्मापासून इथलीच. वय ५२. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहिते. प्रश्न लांब आहे, पण मला खरंच उत्तर हवंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घराजवळ सरकारी जागेत एक अभ्यासिका आहे. जागा कुठल्या यंत्रणेची आणि आता ती कोणती संस्था चालवते, ही नावं मुद्दाम देत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. शिवाय हे एकाच ठिकाणी घडतंय असंही मला वाटत नाही.

नव्वदच्या दशकात वसाहतीतल्या लोकांनी अर्ज करकरून ही अभ्यासिका मिळवली. माझे वडील प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी छापखान्यात होते. शिफ्ट सुटली की घरी चहा घेऊन ते आणि त्यांचे दोघे-तिघे सोबती तिथे जायचे. एक मोठा हॉल, सहा लांब टेबलं, लाकडी पट्टीत अडकवलेली वर्तमानपत्रं, दाराशी हजेरीची वही आणि एक शिपाई. महिना दहा रुपये. त्याची पावती मिळायची, छापील नंबराची, खाली शिक्का. वडिलांच्या पाकिटात त्या पावत्या घड्या घालून ठेवलेल्या असायच्या.

जुनं सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. आठ पंख्यांतले तीन चालायचे. बायकांचं स्वच्छतागृह तर मी कधी उघडं पाहिलंच नाही. शिपाई रजेवर गेला की दाराला कुलूप. एका पावसाळ्यात छत गळून एका कपाटातली पुस्तकं लगदा झाली, आणि ती उचलायला दोन महिने कुणी आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी अभ्यासिका एका संस्थेला चालवायला दिली. आणि सुधारणा झाली, खरी सुधारणा. रंग दिला, स्वच्छतागृह उघडलं, पिण्याच्या पाण्याचं मशीन आलं, कॅमेरे लागले. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, खुर्च्या आल्या, प्रत्येकीच्या पाठीवर कंपनीचं नाव. सकाळी सहा ते रात्री अकरा उघडी. आधी संध्याकाळी सातनंतर तिथे एकही मुलगी दिसायची नाही, आता रात्री नऊलाही दहा-बारा मुली बसलेल्या असतात. हे श्रेय संस्थेचंच आहे आणि ते मी मोकळेपणाने देते.

पण पाटी बदलली. पूर्वी निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात अमुक यंत्रणा ‘संचलित सार्वजनिक अभ्यासिका’ असं होतं. आता चकचकीत फलकावर संस्थेचं नाव मोठं, आणि तळाशी बारीक अक्षरात त्या यंत्रणेचं नाव, पुढे ‘यांच्या सौजन्याने’. ‘सार्वजनिक’ हा शब्द कुठेच नाही. स्वतःच्या जागेत मालक पाहुण्यासारखा उभा असावा तसं ते दिसतं.

दहाचे पन्नास झाले, मग तीनशे, आणि या जूनपासून सहाशे. पैसे मोबाइलवरून कोड स्कॅन करून द्यायचे. मागितली तर पावती मिळते, पण तिच्यावर ‘देणगी’ लिहिलेलं असतं. मी हिशेबाची बाई, माझं लक्ष तिथेच जातं. शुल्क असेल तर त्याचा दर कुणीतरी ठरवलेला असतो आणि तो कुठेतरी लिहिलेला असतो. देणगी असेल तर ती देणाऱ्याच्या मनावर. देणगी दिली नाही म्हणून माणसाला दाराबाहेर काढत असाल तर ती देणगी नव्हे.

आणि बाहेर काढलं. आमच्याकडे घरकामाला मावशी येतात, त्यांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मैदान, मग दिवसभर अभ्यासिका. घर दहा बाय बाराचं, माणसं पाच. जूनचे सहाशे भरता आले नाहीत तर तिचं कार्ड बंद झालं. मी ऑफिसला निघाले होते तेव्हा ती फाटकाशी पाठीला सॅक लावून उभी होती. मला म्हणाली, “ताई, ही सरकारी आहे ना?”

मला उत्तर देता आलं नाही.

मी यंत्रणेच्या कार्यालयात गेले. “ते आता संस्थेकडे आहे, ताई.” संस्थेच्या माणसाला भेटले. “दर आम्ही ठरवत नाही, वरून मंजूर आहे.” मंजुरीचा कागद दाखवा म्हटलं. “तो ऑफिसात मागा.” पुन्हा कार्यालय. तिसऱ्या फेरीला तिथल्या बाईंनीच मला विचारलं, “तुम्ही नेमक्या कुणाच्या वतीने आलात?” आता रहिवाशाने कुणाच्या वतीने यायचं असतं?

आपल्या आजूबाजूला सगळीकडेच हे चाललंय. वडील ज्या प्रेसमध्ये होते ते केंद्राचं खातं होतं, २००६ पासून ते महामंडळात, म्हणजे कंपनीत गेलं. शहरातल्या बस आधी एसटी चालवायची. २०२१ च्या जुलैपासून महापालिकेने त्यासाठी काढलेली कंपनी चालवते, आणि गाड्या ठेकेदारांच्या, त्यांना किलोमीटरमागे पैसे. घंटागाडी ठेक्यावर. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर सरकारी शाळा दत्तक द्यायची सोय झाली: अ आणि ब वर्ग महापालिकांच्या हद्दीतल्या शाळेसाठी पाच वर्षांना दोन कोटी, दहा वर्षांना तीन कोटी, आणि तेवढ्या काळापुरतं देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. मी खासगीच्या विरोधात नाही. मी स्वतः संस्थेच्या शाळेत शिकले आणि तिथल्या बाईंनी मला घडवलं. पण शाळेची तक्रार कुठे करायची हे माझ्या अडाणी आजीलाही माहीत होतं.

तर प्रश्न असा: जागा सरकारची, चालवणारी संस्था, खुर्च्या कंपनीच्या, पैसे आमचे. मग ही अभ्यासिका सरकारी की खासगी? आणि त्या मुलीच्या वतीने मी नेमकं कुणाच्या टेबलापुढे उभं राहायचं?

---

सिडको_समिती

ताई, मी दुसऱ्या बाजूचा माणूस. तुमच्या भागातला नाही, पण आमच्याकडेही सरकारी जागेतली अशीच अभ्यासिका आमचं मंडळ चालवतं आणि मी कार्यकारिणीवर आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली. राग आला नाही, वाईट वाटलं, कारण ‘देणगी’ची पावती आम्हीही देतो.

आमची बाजू सांगतो. आम्ही ताब्यात घेतली तेव्हा हॉलमध्ये जुन्या निवडणुकीचे फलक आणि मोडक्या बाकांचा ढीग होता. खिडक्यांची तावदानं नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही सात जणांनी खिशातून पैसे घातले. वीजबिल येतं ते कमी होत नाही. मुलं उकाड्यात सोळा-सोळा तास बसतात, पंखे सतत चालू. रखवालदार एक ठेवला तर दुपारी जेवायला गेल्यावर दार कोण बघणार, म्हणून दोन. यंत्रणेकडून आम्हाला एक रुपया मिळत नाही, उलट आम्ही नाममात्र भाडं भरतो. गळती लागली की अर्ज करतो, उत्तर येतं की देखभाल संस्थेने करावी. डागडुजी केली की दुसरं पत्र येतं, परवानगी न घेता बांधकाम का केलं.

देणगी का लिहितो, तेही प्रामाणिकपणे सांगतो. शुल्क लिहिलं तर दर मंजूर करून घ्यावा लागतो. तो प्रस्ताव आम्ही दिला होता. त्याचं काय झालं हे आजवर कळलेलं नाही. पावतीपुस्तकं तर छापायची होती, मग ‘देणगी’ छापली.

सगळ्या संस्था पैसे खायला बसलेल्या नाहीत, एवढंच म्हणणं. पण त्या मुलीचं कार्ड बंद करायला नको होतं. आमच्याकडे सहा जागा बिनपैशाच्या आहेत. कुठे लिहिलेलं नाही, आम्ही ठरवतो.

---

नाशिकरोडकर

दादा, मनापासून आभार. तुम्ही आलात आणि खरं लिहिलंत. तुमच्या शेवटच्या ओळीवर मात्र मी थांबले. सहा जागा आहेत, पण कुठे लिहिलेल्या नाहीत. म्हणजे सातव्या मुलाला कळणारच नाही की असं काही मागता येतं. आणि पहिल्या सहांना तुमच्यापैकी कुणाची तरी ओळख लागत असणार. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण उद्या कार्यकारिणी बदलली तर?

---

निवृत्त_लिपिक

ताई, ३४ वर्षं फायली सांभाळल्या, त्यातली शेवटची बरीच वर्षं मालमत्तेच्या टेबलावर. ‘सरकारी की खासगी’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्यात शिरलात तर वर्ष जाईल. कागद कुणाकडे आहे, तेवढं बघा.

संस्था माहिती अधिकारात येते की नाही यावर वाद होऊ शकतो. २०१३ मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ सरकारी देखरेख आहे म्हणून सहकारी संस्था ‘सार्वजनिक प्राधिकरण’, म्हणजे या कायद्याने माहिती देणं बंधनकारक असलेली संस्था, होत नाही. २०१९ च्या डीएव्ही कॉलेजच्या निकालात म्हटलं की सरकारकडून भरीव अर्थसहाय्य मिळत असेल तर खासगी संस्थाही कायद्याच्या कक्षेत येते. आणि त्याच निकालात असंही आहे की शहरातली जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत दिली असेल तर तेसुद्धा भरीव सहाय्य ठरू शकतं. तुमच्या हॉलला हे लागू होतं का, हे वकिलांनी सांगावं. तुम्हाला आज त्याची गरजच नाही.

कारण जागा देताना करारनामा झाला असणार. तो मंजूर करणारा ठराव किंवा आदेश असणार. ते दोन्ही कागद यंत्रणेच्या फायलीत आहेत आणि यंत्रणा तर शंभर टक्के सार्वजनिक प्राधिकरण आहे. माहिती तिच्याकडून मागा, संस्थेकडून नको.

अर्ज साधा करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. “अमुक जागा चालवण्यास दिल्याचा करारनामा, मंजुरीचा ठराव, आकारावयाच्या शुल्काबाबतचे सर्व आदेश, आणि करार नूतनीकरणाची कागदपत्रे” एवढंच लिहा. ‘का’ विचारू नका. ‘दर का वाढवला’ असं लिहिलंत की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं ठोकळेबाज उत्तर येईल. मीच कैक वेळा लिहिलंय, त्याबद्दल आज खंत वाटते.

आणि खाली एक ओळ जरूर टाका: “मला मूळ फायलीचे अवलोकन करायचे आहे.” हा तुमचा हक्क आहे. नकला निवडून दिल्या जातात, फाईल मात्र अख्खी समोर येते. टिपणी बाजू नीट वाचा. करार टाइप केलेला असतो, पण कुणी काय विचार करून सही केली ते टिपणीत असतं.

तीस दिवस वाट बघा. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती आहे’ असं कळवलं तर घाबरू नका. त्यांनी संस्थेला नोटीस काढून म्हणणं घ्यायचं असतं, पण संस्थेने नको म्हटलं म्हणजे नकार असा कायदा नाही. सार्वजनिक जागेचा करार हे काही कुणाचं व्यापारी गुपित नव्हे. नाहीच मिळालं तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठांकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.

संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिला दरवर्षी लेखापरीक्षण झालेले हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. ‘देणगी’ किती जमली ते तिथे दिसायला हवं. पण आधी करार. एका वेळी एक दार ठोठवा.

सिडकोच्या दादांनाही सांगतो. तुमचा प्रस्ताव गेला कुठे, हे तुम्हीही याच अर्जाने विचारू शकता. माहितीचा अधिकार संस्थेविरुद्धच वापरायचा असतो असं थोडंच आहे!

---

मैदान_ते_मेरिट

मी कॉलेज रोडच्या बाजूला एका खासगी रीडिंग रूममध्ये बसतो. १४०० महिना, एसीवाल्या रांगेत १८००. तिथे कुणी कार्ड बंद केलं तर मी भांडणार नाही, दुसरीकडे जाईन, कारण ते दुकान आहे आणि मी गिऱ्हाईक.

सरकारी अभ्यासिकेत मी दोन वर्षं होतो. फरक सांगतो. तिथे मी भांडायचो. ट्यूबलाइट गेली की आम्ही पाच जण जाऊन सही करून अर्ज द्यायचो, आणि काका, तुमच्यासारखाच कुणीतरी तो घेऊन पोच द्यायचा. दिवा आठ दिवसांनी लागायचा, पण पोच माझ्याकडे असायची. खासगीत दिवा तासाभरात बदलतात. मला दोन्ही हवंय, तास आणि पोच.

पोलीस भरतीवाल्या त्या मुलीला सांगा, लेखीची तयारी सोडू नकोस. सामान्य ज्ञानाच्या माझ्या नोट्स आहेत. इथेच निरोप टाका, देतो.

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

सिन्नर तालुक्यातल्या एका गावात ‘ड’ वर्ग वाचनालय सांभाळते. ‘सरकारी की खासगी’ हा प्रश्न मला वीस वर्षं रोज भेटतो, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

आपल्याकडे ही दोन वेगळी खाती कधी नव्हतीच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. नावातच सार्वजनिक, पण ते सरकारने नाही, लोकांनी काढलं, आणि आजही सभासद मत देऊन कार्यकारिणी निवडतात. मराठा विद्या प्रसारक १९१४ ची, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. जिल्ह्यातली निम्मी माणसं अशा संस्थांच्या वर्गात शिकली. तेव्हा ‘संस्था आली म्हणजे लोकांचं गेलं’ असं मला तरी वाटत नाही.

पण संस्था आणि सरकार यांच्यामध्ये काहीतरी लिहिलेलं लागतं. आमच्याकडे ते आहे. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा. वाचनालय गावच्या मंडळाचं, मंडळ नोंदलेलं, जागा मंदिराच्या न्यासाची, आणि वर्षाला अनुदान शासनाचं, अ ब क ड वर्गाप्रमाणे. अनुदान तुटपुंजं आहे. माझ्या हाती महिन्याला जे पडतं ते सांगायला जीभ उचलत नाही. पण त्याच्या बदल्यात आम्हाला दाखलनोंदवही ठेवावी लागते, देवघेव नोंदवही, वर्गणीची पावतीपुस्तकं, किर्द. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून तपासणी येते. २०१२ मध्ये तर राज्यभर महसूल खात्यामार्फत पडताळणी झाली. तलाठी भाऊसाहेब येऊन कपाटातली पुस्तकं मोजत बसले होते. तेव्हा अपमान वाटला. आज वाटतं, मोजू देत. पैसे गावाचे आहेत, त्यांनी मोजावेत.

माझ्या टेबलाशेजारी भिंतीवर वर्गणीचा दर रंगाने लिहिलेला आहे. अनामत किती, मासिक किती, आणि तिसरी ओळ: ‘वर्तमानपत्र वाचनास मुक्तद्वार’. कुणीही यावं, शेतातून चिखलाच्या पायांनी यावं. एकदा अध्यक्षांना वाटलं, गर्दी फार होते, रुपया-दोन रुपये ठेवू. मी म्हटलं, ठेवा, पण आधी ती ओळ पुसायला माणूस बोलवा आणि सभेत सांगा का पुसली. ओळ अजून तशीच आहे.

ताई, तुमच्या अभ्यासिकेत दराची पाटी भिंतीवर आहे का, ते आधी बघा.

---

नाशिकरोडकर (सव्वा महिन्यानंतर)

मंडळी, उशीर झाला, पण आता हातात काहीतरी आहे.

आधी ग्रंथपाल ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. दराची पाटी नाही. कॅमेऱ्यांची सूचना आहे, ‘शांतता राखा’ आहे, कंपनीचे आभार आहेत, थोरांची सहा चित्रं आहेत. दर कुठेच नाही.

काकांनी सांगितलं तसाच अर्ज दिला. सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं की अवलोकनास यावे. अर्धी रजा टाकून गेले. तिथल्या लिपिकाने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि फाईल पुढे ठेवली. चांगला मुलगा होता. फाईल लाल दोऱ्याने बांधलेली, साधारण दीडशे पानं.

करारनामा पाच पानांचा. मुदत अकरा महिने. नूतनीकरणाचा संस्थेचा अर्ज फायलीत आहे, त्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा आहे आणि त्यापुढे काहीच नाही. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ अभ्यासिका कुठल्याही चालू कराराशिवाय चालली आहे. मी ते लिपिकाला दाखवलं. त्याने पानं पुढेमागे केली आणि म्हणाला, “मॅडम, मी इथे चार महिन्यांपूर्वी आलोय.”

अट सात: ‘सदर जागा सार्वजनिक वापरासाठी खुली ठेवणे संस्थेवर बंधनकारक राहील.’ हे वाचून मला किती बरं वाटलं काय सांगू. फलकावरून पुसलेला शब्द करारात होता.

आणि अट नऊ. ती जशीच्या तशी उतरवून आणली आहे: ‘संस्थेस वापरकर्त्यांकडून दरमहा रुपये .............. पेक्षा अधिक शुल्क आकारता येणार नाही.’

टिंबं. तिथे आकडाच नाही. टिंबांच्या वर पेनाने काही लिहून खोडलंय असंही नाही, कोरी टिंबं. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या, दोन साक्षीदार, शिक्का. टिपणी बाजू तीनदा वाचली. दराबद्दल एकही ओळ नाही. संस्थेचा माणूस म्हणत होता वरून मंजूर आहे, कार्यालय म्हणत होतं संस्थेकडे आहे, आणि दोघांनी मिळून ज्या कागदावर सही केली त्यात ती जागा रिकामी.

मी त्या पानाची नक्कल घेतली, दोन रुपये भरून. त्याची पावती मिळाली, छापील नंबराची.

मग संस्थेच्या कार्यवाहांना भेटले, नक्कल घेऊनच. भांडायच्या तयारीने गेले होते, भांडण झालं नाही. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग त्यांनीच बिलांची फाईल काढली, आणि आम्ही दोघं त्या कंपनीच्या खुर्च्यांवर बसून हिशेब करत बसलो. वीज ९,२००. दोन रखवालदार १८,०००. सफाई ४,०००. पाण्याचं मशीन आणि इंटरनेट १,३००. एकूण ३२,५००. खुर्च्या नव्वद. नव्वदांनी भागलं तर ३६१ येतात. पण त्यांचं म्हणणं, नव्वद आता भरत नाहीत, पैसे देणारी मुलं सरासरी साठ. साठाने भागलं तर ५४२. म्हणजे सहाशे ही लूट नाही, हे मला कबूल करावं लागलं. तशीच दुसरी गोष्ट त्यांनी कबूल केली: तीनशे असताना मुलं नव्वदच्या आसपास होती, सहाशे झाल्यावर साठ झाली. दर वाढला म्हणून मुलं घटली आणि मुलं घटली म्हणून दर खाली येईना.

सिडकोचे दादा म्हणाले ते इथेही खरं निघालं. वीजबिल यंत्रणेने भरलं असतं तर नव्वद मुलांना माणशी २५९ रुपये पडले असते. पण करारात बिल संस्थेच्या माथी आहे, तिथे मात्र टिंबं नाहीत.

मावशींच्या मुलीचं कार्ड त्याच संध्याकाळी चालू झालं. कार्यवाहांनी माझ्यासमोर फोन करून सांगितलं. ती आता खिडकीजवळच्या टेबलावर बसते. मला आनंद झाला आणि घरी येताना फार अस्वस्थही वाटलं. ते कार्ड माझ्या ओळखीवर चालू झालं. ज्यांच्या आया माझ्याकडे कामाला येत नाहीत त्या मुलींचं काय? जूनपासून गेलेली तीस मुलं कुठे बसतात, कुणाला माहीत आहे?

आता कार्यवाह आणि मी, दोघांच्या सहीने यंत्रणेकडे अर्ज देणार आहोत. करार नव्याने करा, अट नऊ भरा, आणि बिनपैशाच्या जागा किती ते लिहा. दर भिंतीवर रंगवू, असं त्यांनी आपणहून सांगितलं. ‘देणगी’ची पुस्तकं संपली की ‘शुल्क’ छापू, असंही. पाटीवर ‘सार्वजनिक’ शब्द परत घालण्याबद्दल ते म्हणाले, कार्यकारिणीत ठेवतो. बघू.

अर्ज सोमवारी द्यायचाय आणि एका जागी मी अडले आहे. आकडा आम्हीच सुचवावा असं कार्यवाहांचं म्हणणं. नाहीतर पुन्हा टिंबं राहतील. २५० लिहिला तर त्यांचा खर्च निघत नाही. ४०० लिहिला तर मावशींची मुलगी पुन्हा फाटकाबाहेर. तुम्ही काय लिहाल?

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

२५० लिहा, आणि त्याच अर्जात वीजबिल यंत्रणेने भरावं अशी मागणी करा. दोन्ही एकाच कागदावर. वेगवेगळे अर्ज दिलेत तर पहिला मंजूर होईल आणि दुसरा ‘तपासून सादर करावे’ होईल.

---

सिडको_समिती

मीही २५० च म्हणेन, पण बिनपैशाच्या जागा टक्क्यांत लिहा, आकड्यात नको. खुर्च्या वाढल्या की जागाही वाढतील. आमची सहाची दहा करतोय, आणि या रविवारी भिंतीवर लिहितोय. पेंटर ठरलाय. मजकूर काय असावा ते सांगा, ताई, तुमच्या हातचा हवाय.

---

नाशिकरोडकर

दादा, साधाच लिहा. ‘या अभ्यासिकेत दहा जागा विनाशुल्क आहेत. ज्यांना हव्या त्यांनी वहीत नाव लिहावे. कारण सांगावे लागणार नाही.’